बहिणीची सही

(सुकापूर, पनवेल इथं तरुणांच्या बैठकीत केलेलं भाषण. बोललो तसंच ठेवलंय, फक्त दोनदा आलेलं काढलंय.)



मला विषय दिलाय ‘कुटुंबातले नातेसंबंध आणि त्यांच्यावरचा दाब’. पहिल्यांदा वाटलं, हे काम प्रोफेसर लोकांचं. आपण मॅट्रिक. गोदीत माल भरायचा, उतरवायचा, उरल्या वेळात कविता लिहायची. पण दाब म्हणजे काय हे हमालाला कुणी शिकवायला नको. वजन हवेत राहत नाही. एकानं खांदा काढला की दुसऱ्याच्या मानेवर येतं, दुसऱ्यानं काढला की तिसऱ्याच्या. घराचंही तसंच आहे. मालकाचा, ठेकेदाराचा, बिल्डरचा, जातीचा दाब दारातून आत शिरतो नि फिरत फिरत सगळ्यात शेवटी उभ्या असलेल्या माणसावर येऊन थांबतो. ते माणूस बहुतेक घरात बाई असते.

हे हवेत बोलायला नको म्हणून मी आज फक्त एका कागदावर बोलणार आहे. त्या कागदाचं नाव हक्कसोडपत्र.

आपण बसलोय त्या गावाकडं बघा. माथेरान रोडच्या दोन्ही बाजूंनी इमारती उठल्यात. ही सगळी भातखाचरांची जमीन. १९७० साली सिडको झाली आणि पनवेल, उरण, ठाणे भागातल्या ९५ गावांची जमीन नव्या शहरासाठी घ्यायचं ठरलं. योग्य मोबदला मिळेना म्हणून लोक रस्त्यावर आले. १९८४ च्या जानेवारीत, १६ आणि १७ तारखेला, जासई-दास्तान फाट्याकडं पोलिसांनी गोळ्या घातल्या. पाच जण हुतात्मे झाले. दि. बा. पाटलांच्या त्या लढ्यातून पुढं साडेबारा टक्के योजना निघाली. घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के इतका विकसित भूखंड मूळ मालकाला परत. २०१३ ला या पट्ट्यात ‘नैना’ आली. २०१४ ला विमानतळाच्या गावांसाठी साडेबावीस टक्क्यांचं पॅकेज आलं. २०२५ च्या ऑक्टोबरात विमानतळाचं उद्घाटनही झालं. दर टप्प्याला जमिनीचा भाव चढला. आणि दर टप्प्याला घराघरात एकच प्रश्न निघाला : सातबाऱ्यावर नावं किती?

मग वीस वर्षं जिची कुणी वास्तपुस्त केली नव्हती त्या आत्याच्या दारात भाचे मिठाईचा पुडा घेऊन हजर. आत्याला गाडीत बसवून दुय्यम निबंधकाच्या कचेरीत नेली. फोटो, अंगठा, दोन साक्षीदार. काही शे रुपयांचा मुद्रांक, आणि लाखोंचा हिस्सा इकडचा तिकडं. संध्याकाळी साडी-चोळी. कागदावर काय लिहिलेलं असतं? राजीखुशीनं, कुणाच्याही दडपणाशिवाय. म्हणजे दाब कुठं होता हे विचारायचीसुद्धा सोय नाही, तो नव्हता असं लिहून घेतलेलंच आहे.

सरकारकडं साडेबारा टक्के हक्कानं मागितले. बरोबर मागितले, त्यासाठी माणसं मेली. पण कितीतरी घरांत तोच माणूस बहिणीला शून्य टक्के देऊन मोकळा झाला.

आता तुमच्यातला कुणीतरी म्हणेल, हे जमीनवाल्यांचं झालं, आपल्याकडं जमीन कुठाय? खरंय. १९५८ च्या कायद्यानं वतन गेलं, आणि जे चार-दोन तुकडे नावावर राहिले त्यांचे वाटे पडून पडून गुंठे झाले. पण आपल्याकडं खोली आहे. वरळीची बीडीडी चाळ आठवा. १९७४ च्या जानेवारीत तिथं दंगल झाली, त्याच दिवसांत १० तारखेच्या मोर्च्यात भागवत जाधव शहीद झाला. त्या चाळीतली खोली १६० चौरस फुटांची. तेवढ्यात आजी, आईबाप, दोन भाऊ, एका भावाची नवी नवरी. मधे लुगड्याचा पडदा. अशा खोलीतनं बहीण लग्न होऊन गेली की घरात पहिली गोष्ट बोलली जायची : चला, एकाची झोपायची सोय झाली. १४ ऑगस्ट २०२५ ला वरळीच्या ५५६ कुटुंबांना ५०० चौरस फुटांच्या घरांच्या चाव्या मिळाल्या. आनंदाची गोष्ट आहे. पण जिथं जिथं चाळी पाडून इमारती उठतात तिथं तिथं ही जुनी बहीण एकदम आठवते, कारण आता ती वारस म्हणून आडवी येऊ शकते. खोली १६० फुटांची होती तेव्हा ती गेल्यानं जागा झाली. ५०० फुटांची झाल्यावर तिची सही पाहिजे.

इथं बसलेल्यांतली कितीतरी घरं मुंबईतली खोली विकून सुकापूर-विचुंब्याकडं आलेली आहेत. त्या विक्रीच्या पैशात आत्याचा, मावशीचा वाटा किती होता, कुणी विचारलंय?

मी भावाला राक्षस ठरवायला उभा नाही. भावाकडं बघू. मुंबईच्या गोदीत एके काळी १९४८ च्या कायद्याखालचं डॉक लेबर बोर्ड होतं. कामगाराची नोंद होती, हजेरी होती, मागं युनियन होती. १९८९ ला न्हावा-शेवा बंदर सुरू झालं, माल डब्यात बंद झाला, शंभर हातांचं काम क्रेन करायला लागली. आज आमच्यासारखी पोरं यार्डात ठेकेदाराकडं. महिना भरेल का नाही ते महिना भरल्यावर कळतं. पगाराची स्लिप नाही म्हणून बँक कर्ज देत नाही. पोरगी बघायला गेलं की पहिला सवाल : स्वतःची खोली आहे का? अशा पोराच्या हातात बापाची खोली ही एकच गोष्ट उरते. बहिणीचा वाटा द्यायचा तर ती विकावी लागते. त्याची रात्रीची झोप उडते ती खोटी नाही.

पण मग मी विचारतो, ठेकेदारानं जे तुझ्याकडनं काढून घेतलं ते तू बहिणीकडनं का वसूल करतोस? ठेकेदारापुढं आवाज निघत नाही, बहिणीपुढं बरा निघतो. वजन खाली ठेवायची धमक नाही म्हणून ते पुढच्याच्या मानेवर द्यायचं, हे काय बंड झालं?

आणि ती सही का करते? ती खुळी नाही. ती हिशोब करते. उद्या नवऱ्यानं मारलं, सासूनं हाकललं, तर परत यायला एकच दार आहे. ते दार भावाच्या हातात. हिस्सा मागितला तर दार बंद. म्हणून ती हिस्सा देते नि दार विकत घेते. दुसऱ्या अंगानं नवरा टोचत असतो, तुझा वाटा आण की. तो आणला तरी तिच्या हातात राहणार नसतो. त्याच्या रिक्षाच्या हप्त्यात जाणार, नाहीतर नणंदेच्या लग्नात. दोन्ही घरांना ती नळासारखी वाटते, पाणी तिच्यातनं जातं, तिला घोटभर मिळत नाही. भाऊ म्हणतो ‘मी आहे ना’, नवरा म्हणतो ‘मी आहे ना’. दोघंही आहेत. तिचं काय आहे?

माझ्या आत्यानं अशी सही दिली. नवरा मेल्यावर ती माहेरी आली. दार उघडलं, नाही असं नाही. स्वयंपाकाच्या ओट्याखाली चटई मिळाली आणि सगळ्या घराची भांडी मिळाली. दुखणं आलं तर औषधाचे पैसे मागताना ती पदराचं टोक बोटाला गुंडाळायची. ज्या जमिनीत तिचा वाटा होता तिच्या पैशानं बांधलेल्या घरात ती आश्रित होती. हक्क सोडला तर माहेर राहतं हा बायांचा हिशोब असा फसतो.

आपल्या आज्या-पणज्यांनी गावकीची वेठ केली. वेठ म्हणजे काय? काम घ्यायचं, मोबदला द्यायचा नाही, आणि वर सांगायचं की हा तुझा मान आहे. भाऊबीजेच्या साडीवर घेतलेली बहिणीची सही ही आपल्या घरातली वेठ आहे. गावच्या पाटलाची वेठ झुगारली म्हणून आपण छाती फुगवतो. घरातली चालू ठेवलीय.

हा विषय बाबासाहेबांना लहान वाटला नव्हता. याच जिल्ह्यात, महाडला, २५ डिसेंबर १९२७ ला मनुस्मृती जाळली. त्या ग्रंथात शूद्राला आणि बाईला एकाच दोरीनं बांधलंय, दोघांच्याही कमाईवर धन्याची मालकी. २० जुलै १९४२ ला नागपुरात सुलोचनाबाई डोंगऱ्यांच्या अध्यक्षतेखाली दलित महिलांची परिषद झाली. त्या बायांनी घटस्फोटाचा हक्क मागितला, एकापेक्षा जास्त बायका करण्याच्या चालीविरुद्ध ठराव केला. पुढं कायदेमंत्री झाल्यावर बाबासाहेब हिंदू कोड बिल घेऊन उभे राहिले. लेकीला बापाच्या मालमत्तेत वाटा, हा त्या बिलातला सगळ्यात झोंबणारा भाग. बिल रखडवलं गेलं आणि २७ सप्टेंबर १९५१ ला त्यांनी राजीनामा दिला. राजीनाम्याला कारणं आणखीही होती, पण हे त्यातलं मोठं. म्हणजे आपल्या बापानं लेकीच्या वाट्यासाठी मंत्रिपद सोडलं. आणि आपण त्यांचा फोटो ज्या भिंतीवर लावतो ती भिंत बहिणीचं नाव खोडून आपल्या नावावर केलेली असते.

कायद्याचं थोडं नीट ऐका, कारण घरात सांगताना मुद्दाम चुकीचं सांगतात. १९५६ चा हिंदू वारसा कायदा नावात हिंदू असला तरी बौद्धांनाही लागू आहे. बापानं स्वतः कमावलेली खोली, फ्लॅट, पैसा असेल आणि मृत्युपत्र न करता तो गेला, तर आई, मुलगा, मुलगी यांना सारखा वाटा. हे १९५६ पासून आहे. लग्न झालेली लेक असली तरी. लग्नात खर्च केला म्हणून वाटा संपत नाही. राहत्या घराची वाटणी लेकीला आपणहून मागता येत नव्हती, ती अट २००५ ला निघाली. त्याच दुरुस्तीनं वडिलोपार्जित मिळकतीतही लेक मुलासारखीच जन्मानं भागीदार झाली. महाराष्ट्रानं तसा कायदा १९९४ लाच केला होता, पण तेव्हा आधी लग्न झालेल्या लेकी त्यातनं वगळल्या होत्या. आणि ११ ऑगस्ट २०२० ला सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की २००५ ला बाप जिवंत होता का मेला होता यावर लेकीचा हक्क ठरत नाही. म्हणजे कायदा आपल्या पुढं गेलाय. आपण कचेरीच्या पायरीवर बहिणीचा दंड धरून उभे आहोत.

आता काही जण म्हणतील, चळवळीचे प्रश्न मोठे आहेत, हे घरगुती झालं. नाही. ९ मे १९१६ ला कोलंबिया विद्यापीठात बाबासाहेबांनी जातीवर निबंध वाचला. वय २५, तुमच्या-माझ्याएवढं. त्यात त्यांनी दाखवलं की जात टिकते ती जातीतच लग्न लावण्यावर, आणि त्यासाठी बाईला जखडावं लागतं. सती, सक्तीचं वैधव्य, बालविवाह ही त्या जखडण्याची हत्यारं. म्हणजे जातीचा कारखाना घरात आहे. मग सांगा, जिच्या नावावर चार भिंती नाहीत, जिला परत यायला स्वतःचा कोपरा नाही, ती कुणाशी लग्न करायचं हे कशाच्या बळावर ठरवणार? आपण सभेत आंतरजातीय लग्नाचे ठराव करतो. ते ठराव पाळायला पोरीच्या पायाखाली जमीन लागते. ती आपण काढून घेतो नि मग म्हणतो, पोरी पुढं येत नाहीत.

घरं फुटतील, अशी भीती घालतात. अरे, घरं आधीच फुटलीत. सख्खे भाऊ एकमेकांवर दावे लावून बसलेत, ते बहिणींमुळं नाही. न बोलता दाबून ठेवल्यामुळं घरं फुटतात.

मग करायचं काय? बाप हयात असतानाच बोला, सगळ्यांना बसवून. बाप गेला तर तलाठ्याकडं वारस नोंद करताना आईचं आणि सगळ्या बहिणींची नावं द्या, फेरफार स्वतः वाचा. पुण्यानुमोदनाला बहीण रडत आलेली असते, त्या दिवशी कागद काढू नका. वाटा लगेच देता येत नसेल तर तो कर्ज समजा, रक्कम किती, कधी देणार, ते लिहून द्या, तोवर तिचं नाव राहू द्या. दिलेला पैसा तिच्या स्वतःच्या खात्यात टाका, मेव्हण्याच्या हातात नको. आणि बहिणींनो, सही करायच्या आधी कागद घरी आणा, आपल्या माणसाकडनं वाचून घ्या. एकदा नोंदलेला हक्कसोड मागं फिरवणं फार अवघड जातं.

ठेकेदाराशी लढायचंय, बिल्डरशी लढायचंय. ती लढाई सोडा असं मी म्हणत नाही. पण त्या लढाईला बहिणीला बरोबर घेऊन जायचं असेल तर तिच्या मानेवरचं आपलं वजन आधी उतरवा.

पुढच्या बैठकीला येताना प्रत्येकानं आपल्या घराचा कागद बघून या. त्यावर आईचं नाव आहे का, बहिणीचं आहे का, एवढंच बघा. नसेल तर का नाही ते तिलाच विचारा. ती सांगेल ते तिच्या शब्दांत लिहून आणा. आपल्या अंकात कवितांच्या आधी ते छापू.

जयभीम.