म्हशीचं पंचांग आणि कॉलेजचं वेळापत्रक



काल याच मंचावर गडकोटांवर व्याख्यान झालं, उद्या नाट्यसंगीत आहे. मध्ये मी उभा आहे आणि माझा विषय पशुवैद्यक महाविद्यालयाचं वेळापत्रक. सत्र कधी सुरू होतं, सुट्ट्या कधी लागतात, कुठला विषय कुठल्या वर्षी शिकवतात. संयोजकांनी विषय ऐकून दोनदा विचारलं, हाच का? मी म्हटलं, हाच. समोर बसलेल्यांपैकी निम्म्यांच्या घरी एके काळी दावणीला जनावर होतं, काहींच्या आजही असेल. रात्री दोन वाजता म्हैस अडली आणि तालुक्याचा डॉक्टर आला, तर त्याच्या हाताला ते काम येतं की नाही, हे बरंचसं या वेळापत्रकात ठरलेलं असतं.

आधी हिशेब सांगतो. बी.व्ही.एस्सी. अँड ए.एच. ही पदवी आपल्याकडे साडेपाच वर्षांची. अभ्यासक्रम दिल्लीची भारतीय पशुवैद्यक परिषद ठरवते आणि 2016 पासूनच्या तिच्या नियमांप्रमाणे तो वार्षिक पद्धतीने चालतो. पहिली तीन वर्षं बारा-बारा महिन्यांची, चौथं वर्ष मात्र अठरा महिन्यांचं. त्यानंतर वर्षभराची आंतरवासिता, म्हणजे इंटर्नशिप. चौपन्न अधिक बारा, एकूण सहासष्ट महिने. ‘वर्ष’ म्हणायचं आणि महिने अठरा मोजायचे, याची मुलं थट्टा करतात. पण माझ्या मते सगळ्या नियमावलीत शहाणपणाची गोष्ट असेल तर ही एकच. का, ते पुढे सांगतो.

यापूर्वी सेमिस्टर होती. कृषी विद्यापीठं झाली तेव्हा आपली पशुवैद्यक महाविद्यालयं त्यांच्या पदराला बांधली गेली. नागपूरचं अकोल्याच्या विद्यापीठाकडे, परळचं दापोलीकडे. 2000 साली नागपूरला महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठ निघालं, ज्याला सगळे ‘माफसू’ म्हणतात, आणि ही सगळी एका छताखाली आली. सेमिस्टर ही पिकाच्या माणसांना सोयीची व्यवस्था. खरीप एक, रब्बी एक. पेरणी बघा, काढणी बघा, परीक्षा द्या. जनावराचं तसं नाही. गाय नऊ महिने नि काही दिवस गाभण राहते, म्हैस दहा महिने नि दहा दिवस. सहा महिन्यांच्या सेमिस्टरमध्ये एका म्हशीचं एक गाभणपणसुद्धा पुरतं बसत नाही. मुलगा जानेवारीत जिला रेतन करतो, ती व्यायच्या आत त्याचा तो विषय संपून निकालही लागलेला असे. वार्षिक पद्धत आली ते मला म्हणूनच पटलं. शेवटी सगळा अभ्यास एकदम अंगावर येतो ही मुलांची तक्रार खरी आहे, पण ती सोसण्यासारखी आहे.

आता म्हशीकडे येतो. मी आयुष्यभर प्रसूतिशास्त्र शिकवलं, त्यामुळे तिच्याबद्दल जरा जास्त बोलेन.

म्हैस दिवस लहान होऊ लागले की माजावर येते. गणपती गेले, उकाडा कमी झाला, हिरवा चारा मुबलक झाला, की तिथून थंडी सरेपर्यंत तिचा हंगाम. उन्हाळ्यात ती माज दाखवतच नाही. ओरडत नाही, सोट गळत नाही. गोठ्यातला माणूस म्हणतो, म्हैस मुक्या माजाची आहे. थंडीत भरलेली म्हैस दहा महिन्यांनी, म्हणजे साधारण ऑगस्ट ते नोव्हेंबरच्या दरम्यान विते. शेळीही थोडाफार हंगाम पाळते, गाय तर वर्षभर कधीही विते. म्हैस मात्र आपल्या पंचांगाला घट्ट चिकटून आहे.

या चार महिन्यांत दवाखान्यात काय येतं? वार अडकलेली, अंग बाहेर आलेली, आणि सगळ्यांत अवघड म्हणजे गर्भाशयाला पीळ पडलेली. पीळ गायीलाही पडतो, पण म्हशीत त्याचं प्रमाण फार. शेतकरी सांगतो, सकाळपासून कळा देते, पण पिशवी दिसत नाही. हात आत घातला की योनिमार्गाच्या भिंतीला वळ्या पडलेल्या लागतात आणि बोटं पुढे सरकत नाहीत. बहुतेक वेळा पीळ उजवीकडचा. मग ज्या बाजूला पीळ, त्याच कुशीवर म्हैस पाडायची. पुढचे पाय एकत्र, मागचे एकत्र बांधायचे. दहा-बारा फुटांची जाड फळी तिच्या वरच्या कुशीवर तिरपी टेकवायची, खालचं टोक जमिनीला. फळीवर एक जण उभा राहतो, बाकीचे दोर ओढून म्हशीला पिळाच्याच दिशेला हळूहळू लोळवतात. फळीने आतला गर्भ दाबून धरलेला असतो, म्हणून गर्भाशय जागेवर राहतं, म्हशीचं शरीर त्याच्याभोवती फिरतं आणि पीळ सुटतो. पुन्हा हात घालून बघायचं. सुटला असेल तर वळ्या गेलेल्या असतात आणि कधी कधी तोंडावर पाण्याचा लोट येतो. नसेल सुटला, तर पुन्हा लोळवा. दोन-तीनदा करूनही सुटला नाही, तर पोट उघडावं लागतं.

हे फळ्यावर काढून दाखवता येतं, व्हिडिओवर दाखवता येतं. पण फळीवर किती भार द्यायचा हे फळीवर उभं राहिल्याशिवाय कळत नाही, आणि आत वळ्या कशा लागतात हे हात घातल्याशिवाय. त्यासाठी पीळ पडलेली म्हैस यावी लागते. ती येते ऑक्टोबर-नोव्हेंबरात. आणि तेव्हा आपल्या वेळापत्रकात काय असतं? दिवाळीची सुट्टी.

मुलांनी घरी जाऊ नये असं मी म्हणत नाही. विशीतली पोरं, घरी आई वाट बघत असते, बहीण ओवाळायला थांबलेली असते. दवाखाना बंद नसतोच; पाळीचे डॉक्टर असतात, पदव्युत्तरची मुलं थांबतात. फटाक्यांनी बिथरलेली कुत्री आणि अडलेल्या म्हशी एकाच वेळी दारात असतात. नसतात ती नेमकी शिकणारी मुलं. पहिल्या-दुसऱ्या वर्षाची मुलं गेली तर काही बिघडत नाही. त्यांची हाडं, सूक्ष्मदर्शकाखालच्या काचा आणि जंतूंच्या बश्या जागेवरच असतात. पण शेवटच्या वर्षाची तुकडी दोन गटांत जावी, एक दिवाळीआधी, एक भाऊबीजेनंतर, हे करायला कोणाचीच हरकत नसावी. आपल्याकडे सगळ्या वर्षांना एकदम सुट्टी द्यायची सवय आहे, कारण परिपत्रक एकच काढावं लागतं.

आता त्या अठरा महिन्यांकडे. शस्त्रक्रिया, औषधोपचार, प्रसूती हे हाताचे विषय याच काळात येतात. समजा, एक मुलगी ऑक्टोबरमध्ये दाखल झाली. तीन वर्षं झाली की तिचे अठरा महिने ऑक्टोबरात सुरू होतात आणि दीड वर्षाने मार्चअखेर संपतात. म्हणजे तिला दोन हिवाळे मिळाले, मधला एक उन्हाळा, एक पावसाळा. म्हशीच्या माजाचा हंगाम दोनदा, विण्याचा पूर्ण हंगाम एकदा आणि त्याआधीच्या हंगामाची शेपटी. पहिल्या थंडीत ती बघेल, दुसऱ्या थंडीत स्वतः करेल. बारा महिन्यांच्या वर्षात हे जमणार नाही. अठरा महिने मला पटतात ते यासाठी.

आता हाच प्रवेश चार महिने पुढे ढकला. आपल्या प्रवेशाची दोरी नीटच्या हातात आहे. एरवी नीट मेच्या पहिल्या आठवड्यात होते. करोनाच्या काळात 2020 मध्ये ती 13 सप्टेंबरला झाली, 2021 मध्ये 12 सप्टेंबरला. पुढे निकाल, फेऱ्या, कोर्टकचेऱ्या. एखाद्या तुकडीचं वर्ष फेब्रुवारीत सुरू झालं असं धरा. तिचे अठरा महिने फेब्रुवारी ते पुढच्या वर्षीचा जुलै. मोजून बघा: दोन उन्हाळे, दीड पावसाळा, एक हिवाळा. मुका माज दोनदा आणि बोलका एकदाच. विण्याचा हंगाम आला, पहिल्यांदा हात घालायला मिळाला आणि संपला. नियम तोच, महिने तितकेच, फी तितकीच, पण हाताखालून गेलेली जनावरं वेगळी. मेडिकलच्या मुलाला हा फरक इतका जाणवत नाही, कारण बाळंतपणाला बाराही महिने सुट्टी नाही. आमच्याकडे मात्र प्रवेशाची तारीख ठरवताना कोणी म्हशीला विचारत नाही.

परीक्षेचीही अशीच गंमत आहे, जरा आतली. प्रात्यक्षिकात गर्भतपासणी असते. गुदमार्गातून हात घालून जनावर गाभण आहे का, किती महिन्यांचं, हे सांगायचं. थंडीत भरलेली म्हैस मेमध्ये चार-पाच महिन्यांची गाभण असते. तिच्या गर्भाशयाच्या धमनीची थरथर बोटाला लागते. नवख्या मुलालाही कळतं. तीच म्हैस जानेवारीत दीड महिन्याची असते, तेव्हा अनुभवी माणूससुद्धा दोनदा चाचपतो. उन्हाळ्यात परीक्षा दिलेली तुकडी गर्भतपासणीत हुशार निघते आणि जानेवारीतली कच्ची, असं जर कोणी म्हणालं, तर आधी म्हशींचे महिने विचारावेत.

ब्रिटनमध्ये या प्रश्नाला एक वेगळं उत्तर काढलं आहे. तिथे पशुवैद्यकाच्या विद्यार्थ्याने सुट्टीत ठरावीक आठवडे बाहेर काम करायचं असतं. कित्येक वर्षं हा आकडा 38 आठवडे होता: सुरुवातीच्या वर्षांत 12 आठवडे शेतावर जनावरांची निगा आणि नंतर 26 आठवडे दवाखान्यांत. तिथल्या मेंढ्या वसंतात वितात आणि ईस्टरची सुट्टी त्याच सुमारास येते. मुलं सुट्टी लागली की मेंढपाळाकडे जाऊन राहतात, रात्री कोठारात पहारा देतात, कोकरू आडवं आलं तर हात घालतात. म्हणजे सुट्टी हाच अभ्यासक्रम. दोष त्यातही आहेत. जागा शोधायची, जायचा-यायचा खर्च करायचा, आणि ज्या सुट्टीत इतर मुलं चार पैसे कमावतात त्यात याने फुकट राबायचं. गरिबाघरच्या मुलाला ते जड जातं. म्हणून त्यांची व्यवस्था उचलून इथे आणा असं मी सांगणार नाही. सुट्टी कधी असावी हे ठरवताना मेंढी कधी विते ते लक्षात घेतलं जातं, एवढंच घेण्यासारखं आहे.

आपल्याकडे ईस्टरच्या जागी मे महिना आहे. पाऊस पडायच्या आत घटसर्प आणि फऱ्याची लस टोचायची असते, मेंढ्यांना आंत्रविषाराची. पहिल्या पावसाचं कोवळं गवत खाऊन आंत्रविषाराने मेंढ्या पटापट मरतात, हे कुठलाही धनगर सांगेल. ऐन उन्हात गावोगाव लसीकरण चालू असतं. बर्फाच्या डब्यात बाटल्या, झाडाखाली दावी, माणसं कमी. त्याच वेळी गावाकडचीच शेकडो मुलं, ज्यांना सुई धरता येते, उन्हाळी सुट्टीसाठी आपापल्या घरी आलेली असतात. दुसऱ्या वर्षानंतरच्या प्रत्येक मुलाने मेमधले पंधरा दिवस आपल्याच तालुक्याच्या दवाखान्यात डॉक्टरांच्या हाताखाली काढावेत, त्याची नोंद व्हावी आणि बसभाडं तरी मिळावं. याला ना नवीन इमारत लागते, ना यंत्र.

हे होऊ शकतं याचा पुरावा आपण बघितला आहे. ऑगस्ट 2022 मध्ये जळगाव जिल्ह्यात लम्पी चर्मरोग दिसला आणि बघता बघता राज्यभर पसरला. 2019 च्या पशुगणनेप्रमाणे महाराष्ट्रात गायबैल सुमारे 1 कोटी 40 लाख. एवढ्यांना टोचायला सरकारी डॉक्टर पुरणार कुठून? आंतरवासितेची मुलं त्या कामाला लावली गेली. आणि यात नवीन काही नाही. जगातली पहिली पशुवैद्यक शाळा फ्रान्समध्ये लियोंला निघाली, ती गुरांच्या साथींनी हैराण झालेल्या काळात. 1762 मध्ये वर्ग भरू लागले नि थोड्याच दिवसांत क्लॉद बुर्झला यांनी विद्यार्थ्यांना साथीच्या गावांत पाठवलं. त्यांचं सत्र तेव्हा पूर्ण झालं होतं की नाही, याची चौकशी कोणी केली नाही.

शेवटचा मुद्दा, आणि यावर माझं माझ्या सहकाऱ्यांशी नेहमी भांडण होतं. सगळ्या महाविद्यालयांना एकच वेळापत्रक असावं का? परळचं महाविद्यालय 1886 चं, बाई साकरबाई पेटिट रुग्णालयाच्या आवारातलं. तिथे येतात कुत्री, मांजरं, क्वचित घोडे. मुंबईच्या तबेल्यांत म्हशी पुष्कळ, पण त्या बहुतेक व्यालेल्या, दुधावर आलेल्याच विकत आणलेल्या; विण्याचा हंगाम मुंबईत दिसत नाही. उदगीरला देवणी आणि लाल कंधारी गायी. शिरवळच्या आसपासचे मेंढीचे कळप दिवाळीनंतर कोकणात उतरतात आणि पावसाच्या तोंडावर घाटावर परततात. त्यांचे आजार शिकवायचे तर ते जागेवर असताना शिकवावे लागतील. परिषद महिने मोजून देते, विषय देते, परीक्षा कशी घ्यायची ते सांगते. त्या चौकटीत सुट्टीचे आठवडे पुढेमागे करणं विद्यापीठाच्या हातात आहे. सहकारी म्हणतात, परीक्षा एकदम घ्याव्या लागतात, बाहेरचे परीक्षक मिळवावे लागतात, निकाल एकाच दिवशी लागले पाहिजेत. बरोबर आहे. परीक्षा एकाच दिवशी घ्या. मधल्या सुट्ट्या तेवढ्या शिरवळला शिरवळच्या, उदगीरला उदगीरच्या आणि परळला परळच्या ठेवा.