मतांगिकार: साक्ष आणि जबाबदारी



सांगलीतल्या या संमेलनाचे अध्यक्षपद तुम्ही मला दिले आहे. आज एकाच प्रश्नावर बोलायचे आहे. दर रविवारी आपण जो मतांगिकार उभे राहून म्हणतो, त्याचे आपल्या विखुरलेल्या मंडळ्यांकडे मागणे काय आहे?

इ. स. 325 मध्ये सम्राट कॉन्स्टंटाइनच्या निमंत्रणावरून बिशप निकियात जमले. पुत्र हा पित्याने निर्माण केलेला, म्हणून पित्याहून उणा, असे आरियस शिकवत होता. परिषदेने ते नाकारले आणि पुत्र पित्याशी एकतत्त्व आहे, असे ठरवले. तिने रचलेल्या मतांगिकाराच्या शेवटी, वेगळे मत मांडणाऱ्यांना धिक्कारणारी कलमेही होती. तरी वाद मिटला नाही. पुढे अर्धशतकाहून अधिक काळ धुमसत राहिला. 381 च्या कॉन्स्टंटिनोपल परिषदेच्या नावाने ओळखला जाणारा जो मतांगिकार आज जगभरच्या मंडळ्या म्हणतात, त्यात मात्र ती कलमे नाहीत. धिक्कार गळून पडला, साक्ष टिकली. माझ्या आजच्या म्हणण्याचे मूळ इथे आहे.

आता आपल्या भागाकडे येऊ. वाई-साताऱ्याकडे अमेरिकन मराठी मिशनची काँग्रिगेशनल परंपरा आली, तर सांगली-मिरजेकडे अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनची. एकीत प्रत्येक स्थानिक मंडळी स्वतंत्र, दुसरीत वडिलांच्या सभा आणि वेस्टमिन्स्टरची सविस्तर विश्वासकबुली. कृष्णाकाठच्या आपल्या पूर्वजांनी या दोहोंतून निवड केली नव्हती. ज्या तालुक्यात जे मिशन आले, त्याची शिस्त तिथल्या घरांत रुजली. 1924 मध्ये या दोन्ही परंपरा युनायटेड चर्च ऑफ नॉर्दर्न इंडियात एकत्र आल्या. पुढची बोलणी 1929 पासून सुरू झाली आणि 29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपुरात सहा मंडळ्यांनी मिळून चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन केली.

त्या चार दशकांत नेमके काय जुळवावे लागले, हे जवळून पाहण्यासारखे आहे. या सहांपैकी अँग्लिकनांना मतांगिकार प्राणप्रिय. ब्रदरन आणि डिसायपल्स यांना मनुष्याने रचलेले कोणतेही सूत्र सभासदत्वाची अट म्हणून नको होते. तोडगा असा निघाला की प्रेषितांचा आणि निकियाचा, दोन्ही मतांगिकार विश्वासाची साक्ष देणारे व त्याचे रक्षण करणारे म्हणून स्वीकारायचे. बाप्तिस्म्याचा पेच याहून अवघड होता. बाळाचा बाप्तिस्मा करावा, की जाणत्या वयात स्वतःच्या कबुलीवर? दोन्ही रीती एकाच मंडळीत मान्य झाल्या. तान्ह्याला बाप्तिस्मा देणारे आईबाप आणि त्याला केवळ देवाला समर्पित करणारे आईबाप एकाच बाकावर बसू लागले. वेगवेगळ्या परंपरांच्या सेवकांनी एकमेकांच्या मस्तकी हात ठेवून प्रार्थना केली. आपली सेवा अपुरी आहे आणि दुसऱ्याच्या देणगीने ती पूर्ण व्हावी, असे जाहीरपणे मागायला मोठी नम्रता लागते.

त्याही आधी, 1917 मध्ये, रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ सुरू केला होता. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघेही ख्रिस्तभक्त तिथे बंधू म्हणून यावेत, अशी त्यांची तळमळ होती. 1919 मध्ये ते गेले आणि दरबार फार विस्तारला नाही. त्यांची पदे मात्र मिशनांच्या हद्दी ओलांडून मराठी ख्रिस्ती उपासनेत पोहोचली. गाण्यात आपण कधीच एक झालो आहोत.

मग अडते कुठे? आज आपली भांडणे पुत्राच्या स्वरूपावरून होत नाहीत. ती होतात जमिनींवरून, ट्रस्टवरून, पदांवरून. रविवारी एकाच बाप्तिस्म्याची कबुली द्यायची आणि सोमवारी एकमेकांविरुद्ध कोर्टाची पायरी चढायची, ही मतांगिकाराशी उघड बेइमानी आहे. निकियाच्या 1700 व्या वर्षी, नोव्हेंबर 2025 मध्ये, पोप लिओ आणि ऑर्थोडॉक्स कुलपती बार्थोलोम्यू यांनी तुर्कस्तानातल्या त्याच गावी, आजच्या इझनिकमध्ये, एकत्र प्रार्थना केली. 1054 च्या पूर्व-पश्चिम दुहीचे वारसदार एका ठिकाणी उभे राहू शकतात, तर एका तालुक्यातल्या मंडळ्यांना कोणती सबब उरते?

म्हणून माझ्या तीन विनंत्या आहेत. सांगली-साताऱ्यातल्या सर्व मंडळ्यांनी परस्परांचा बाप्तिस्मा मानल्याचे लेखी जाहीर करावे. मालमत्तेचे तंटे कोर्टात नेण्याआधी दुसऱ्या मंडळीतल्या जाणत्यांपुढे ठेवावेत. तिसरी विनंती आपल्या लेखकांना. कॅथलिक आणि प्रोटेस्टंट अभ्यासकांनी एकत्र बसून दोन्ही मतांगिकारांचा एकच मराठी पाठ सिद्ध करावा. फादर स्टीफन्सच्या ‘ख्रिस्तपुराणा’पासून चार शतके आपण या भाषेत ख्रिस्ताची साक्ष देत आलो आहोत, म्हणून हे काम आपल्या आवाक्यातले आहे.

सगळ्यांनी एकसारखे व्हावे, असे मी म्हणत नाही. ज्याची कबुली आपण मिळून देतो, त्याला साजेसे वागावे, इतकेच म्हणतो. या संमेलनाने तिसऱ्या कामासाठी आजच समिती नेमावी, असा प्रस्ताव ठेवून मी थांबतो.