उतारवयात मूत्राशयाची मोठी शस्त्रक्रिया : करावी की न करावी?

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील व्याख्यानाचे शब्दांकन)



संस्थेच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात आपण मला बोलण्याची संधी दिलीत, याबद्दल मी ऋणी आहे. मी डॉक्टर नाही. छत्तीस वर्षे माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवलेला एक निवृत्त शिक्षक आहे. आजचा विषय मी पुस्तकातून निवडलेला नाही, तो माझ्या घरी चालत आला. मूत्राशयाच्या कर्करोगामुळे मूत्राशयच काढून टाकण्याची शस्त्रक्रिया वयाच्या ७४ व्या वर्षी करून घ्यावी की नाही, हा प्रश्न २०२२ साली माझ्यापुढे उभा राहिला. लघवीच्या दुखण्याविषयी चारचौघांत बोलायला आपण संकोचतो. त्या संकोचाने माझे चार महिने वाया घालवले, म्हणून आज तो बाजूला ठेवतो.

फेब्रुवारी महिन्यात एकदा लघवी लालसर झाली. वेदना काहीच नव्हती. दोन दिवसांत रंग पूर्ववत झाला. उन्हाळी लागली असेल, असे समजून मी धण्याचे पाणी आणि वाळ्याचे सरबत घेत राहिलो. एप्रिलमध्ये पुन्हा तसेच झाले, तेव्हाही घरात कोणाला सांगितले नाही. जूनमध्ये रक्ताच्या गुठळ्यांनी लघवीच अडली, तेव्हा रुग्णालय गाठावे लागले. वेदना नसताना लघवीतून रक्त जाणे, हे या रोगाचे सर्वांत नेहमीचे पहिले लक्षण आहे आणि ते मधूनमधून आपोआप थांबते. थांबले म्हणजे बरे झाले, असे समजू नये.

आणखी एक कबुली देतो. तरुणपणी पंचवीस वर्षे मी घरच्यांपासून लपवून सिगारेट ओढत होतो. या रोगाच्या साधारण निम्म्या रुग्णांत धूम्रपान हे कारण असते. धुरातील विषारी द्रव्ये रक्तातून मूत्रपिंडात जातात आणि लघवीबरोबर मूत्राशयात तासन्‌तास साठून राहतात. रंगाच्या कारखान्यांतील कामगारांना हा रोग होतो, हे जर्मनीतील शल्यविशारद लुडविग रेन यांनी १८९५ मध्येच दाखवून दिले होते. आपल्यापैकी जे कापड रंगविण्याच्या धंद्यात आहेत, त्यांनीही हे ध्यानात ठेवावे.

दुर्बिणीतून गाठ खरवडून तपासणीला पाठविली. येथे एक गोष्ट समजून घेणे अगत्याचे आहे. नव्याने निदान होणाऱ्या दर चार रुग्णांपैकी सुमारे तिघांत हा रोग मूत्राशयाच्या आतील अस्तरापुरताच असतो. त्यांचे मूत्राशय बहुधा काढावे लागत नाही. दुर्बिणीतून गाठ काढतात आणि गरजेनुसार मूत्राशयात औषध सोडतात. लहान मुलांना क्षयाविरुद्ध टोचतात ती बीसीजी लस येथे औषध म्हणून वापरली जाते. कॅनडातील डॉ. अल्वारो मोरालेस यांनी तिचा हा उपयोग १९७६ मध्ये प्रसिद्ध केला. माझ्या रिपोर्टमध्ये मात्र रोग स्नायूंच्या थरात शिरल्याचे लिहिले होते. त्यावर उपचार न केल्यास बहुतेक रुग्ण दोन वर्षांच्या आत दगावतात.

रिपोर्ट आला त्या दिवशी माझा मुलगा आणि डॉक्टर खोलीबाहेर हलक्या आवाजात बोलत होते. मी त्यांना आत बोलावले आणि म्हणालो, "डॉक्टर, पेशंट मी आहे. जे सांगायचे ते मला सांगा." मुलगा कावराबावरा झाला. "अप्पा, तुम्हाला त्रास होऊ नये म्हणून..." एवढेच तो म्हणाला. त्याचा हेतू चांगलाच होता. पण ज्याच्या देहाचा प्रश्न, त्याच्यावाचून निर्णय होणे योग्य नव्हे.

डॉक्टरांनी जे सांगितले ते असे. पुरुषाच्या शस्त्रक्रियेत मूत्राशयाबरोबर प्रोस्टेट ग्रंथी आणि जवळच्या लसिका ग्रंथी काढतात. स्त्रियांत बहुधा गर्भाशयही काढावे लागते. दांपत्यजीवनावर परिणाम होतो. हा प्रश्न विचारायला वय आडवे येऊ देऊ नये. मग लघवीला नवी वाट करून द्यावी लागते. त्याचे दोन प्रमुख मार्ग आहेत. पहिल्यात लहान आतड्याचा सुमारे १५ ते २० सेंटिमीटरचा तुकडा घेऊन त्याला मूत्रवाहिन्या जोडतात. त्याचे दुसरे टोक पोटावर उघडते आणि त्यावर पिशवी लावतात. ही पद्धत अमेरिकेतील डॉ. युजीन ब्रिकर यांनी १९५० मध्ये रूढ केली. दुसऱ्यात आतड्याच्या अधिक लांब भागाचेच नवे मूत्राशय शिवतात. त्यात बाहेर पिशवी नसते, पण दर तीन-चार तासांनी, रात्रीही उठून, ते रिकामे करण्याची सवय लावावी लागते. काहींना त्यासाठी नळी घालावी लागते आणि झोपेत लघवी गळण्याचा त्रासही अनेकांना होतो.

धोक्याचे आकडेही त्यांनी लपविले नाहीत. न्यूयॉर्कच्या एका नामांकित कर्करोग रुग्णालयातील ११४२ रुग्णांचा अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांपैकी ६४ टक्के रुग्णांना शस्त्रक्रियेनंतरच्या ९० दिवसांत काही ना काही गुंतागुंत झाली. ती गंभीर स्वरूपाची असण्याचे प्रमाण १३ टक्के होते. अनुभवी हातांतही असे होते, हे कळले म्हणून पुढे मला ताप आला तेव्हा आम्ही घाबरून गेलो नाही.

मी यंत्रमानवाच्या साहाय्याने होणाऱ्या शस्त्रक्रियेविषयी विचारले. २०२२ मध्येच प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधील चाचणीत पहिल्या ९० दिवसांपैकी रुग्णालयाबाहेर काढलेले दिवस त्या पद्धतीत ८२ आणि नेहमीच्या पद्धतीत ८० होते. फरक आहे, पण लहान. यंत्रापेक्षा शल्यविशारदाने अशा किती शस्त्रक्रिया केल्या आहेत हे विचारा, असे डॉक्टरच म्हणाले.

मूत्राशय राखून उपचार करण्याचीही एक वाट आहे. दुर्बिणीतून शक्य तितकी गाठ काढायची आणि मग केमोथेरपी व किरणोपचार बरोबरीने द्यायचे. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ३६० रुग्णांच्या चाचणीत, किरणोपचाराला केमोची जोड दिल्याने रोग त्या भागात आटोक्यात राहण्याचे दोन वर्षांचे प्रमाण ५४ वरून ६७ टक्क्यांवर गेले. माझ्या निर्णयानंतर, २०२३ मध्ये, अमेरिका व कॅनडातील ७२२ रुग्णांची तुलना प्रसिद्ध झाली. निवडक रुग्णांत रोग अन्यत्र न पसरण्याचे पाच वर्षांचे प्रमाण दोन्ही मार्गांत ७५ टक्क्यांच्या आसपास आढळले. 'निवडक' हा शब्द महत्त्वाचा आहे. गाठ एकच असावी, फार मोठी नसावी, दोन्ही मूत्रपिंडे तुंबलेली नसावीत, अशा अटी होत्या. माझ्या मूत्राशयात गाठी अनेक ठिकाणी होत्या, त्यामुळे ही वाट मला तितकीशी अनुकूल नव्हती.

आता वयाचा मुद्दा. "या वयात कशाला चिरफाड? आता धर्मध्यान करावे," असे सांगणारे हितचिंतक मला भेटले, तसे "काहीही करून काढूनच टाका" असे सांगणारेही भेटले. माझ्या शल्यविशारदांनी जन्मतारीख विचारली नाही. मी दोन जिने न थांबता चढतो का, खुर्चीतून हात न टेकता उठतो का, गेल्या सहा महिन्यांत वजन घटले का, स्मरण कसे आहे, घरात मदतीला कोण आहे, हे विचारले. हृदय आणि मूत्रपिंडांच्या तपासण्या केल्या. हा रोग मुळात उतारवयातला, त्यामुळे केवळ वयाकडे पाहून नाही म्हणणे किंवा हो म्हणणे, दोन्ही सारखेच चूक आहे. पाहायची ती शरीराची ताकद.

शेवटी त्यांनी विचारले, "गुरुजी, पुढची पाच वर्षे मिळाली, तर ती तुम्हाला कशासाठी हवी आहेत?"

मला लगेच उत्तर देता आले नाही. माझ्या पत्नीची दृष्टी पडद्याच्या विकाराने जवळजवळ गेली आहे. रोज सकाळी मी तिला वर्तमानपत्र वाचून दाखवतो आणि संध्याकाळी स्वाध्यायाचा ग्रंथ. त्या रात्री मी तिला सर्व आकडे सांगितले. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "पिशवी लागली तर लागू दे. मला ती दिसणार नाही. तुमचा आवाज ऐकू आला म्हणजे झाले." आमचा निर्णय तेथे झाला.

मूत्रपिंडे ठीक असल्याने आधी केमोथेरपीचे चार हप्ते दिले. शस्त्रक्रियेपूर्वी अशी केमो घेतल्याने आयुर्मान वाढते, हे २००३ च्या अमेरिकन चाचणीपासून ज्ञात आहे. त्या काळात रोज चालणे आणि श्वासाचे व्यायाम करून घेतले. नोव्हेंबरमध्ये शस्त्रक्रिया झाली. मी पिशवीचा मार्ग निवडला, कारण रात्रीअपरात्री उठणे मला आणि पत्नीला झेपले नसते. अकरा दिवस रुग्णालयात होतो. घरी आल्यावर जंतुसंसर्गाने ताप आला आणि पुन्हा पाच दिवस दाखल व्हावे लागले. वजन आठ किलोने घटले. तीन महिने मी वैतागलेला होतो, आणि हा निर्णय चुकला असे अनेकदा वाटले. चौथ्या महिन्यात मी पुन्हा शेतावर चालत गेलो.

बंधुभगिनींनो, माझी सर्वांत मोठी भीती मृत्यूची नव्हती. पिशवी लावून चारचौघांत कसे बसायचे, मंदिरात कसे जायचे, वास आला तर काय, ही होती. आपल्यापुढे मी गेला अर्धा तास उभा आहे. ती पिशवी या क्षणी माझ्या धोतराच्या आत आहे. कोणाच्या लक्षात आले असेल, असे मला वाटत नाही. अभिषेक मी आता स्वतः करत नाही, बाजूला बसून पाहतो. हा माझा मी केलेला निर्णय आहे. सूर्यास्तानंतर पाणी न घेण्याचा नियम शस्त्रक्रियेनंतर काही महिने सोडावा लागला. आता डॉक्टरांच्या संमतीने दिवसभरात भरपूर पाणी पिऊन तो पाळतो, मात्र निर्जल उपवास करत नाही. ज्यांना अशा शस्त्रक्रियेला सामोरे जायचे आहे, त्यांनी आपले नियम डॉक्टरांना आधीच मोकळेपणाने सांगावेत.

आता दुसरी बाजू सांगतो, नाहीतर हे व्याख्यान एकांगी होईल. माझे चुलत बंधू, आम्ही त्यांना बापू म्हणत असू, यांना ८३ व्या वर्षी हाच रोग झाला. त्यांना पूर्वी हृदयविकाराचा झटका येऊन गेलेला, मूत्रपिंडे अशक्त, आणि घरी ते एकटेच. "मला माझ्या अंगणातच राहायचे आहे," असे त्यांनी स्पष्ट सांगितले. दुर्बिणीतून गाठ काढून त्यांनी केवळ किरणोपचार घेतले. दोन वर्षे ते आपल्या अंगणात होते, आणि २०२४ मध्ये तेथेच शांतपणे गेले. त्यांचा निर्णय चुकला, असे मला कधीही वाटले नाही. माझा 'हो' आणि त्यांचा 'नाही', दोन्ही समजून-उमजून घेतलेले होते.

ज्यांच्यावर ही वेळ येईल, त्यांना चार सूचना करतो. पहिली, दुसऱ्या तज्ज्ञाचे मत अवश्य घ्या, त्यात शल्यविशारदाबरोबर किरणोपचार-तज्ज्ञही असावा. पण विचारात काळ फार दवडू नका. निदानानंतर कोणताही उपचार सुरू न करता तीन महिन्यांहून अधिक काळ गेल्यास परिणाम बिघडतात. दुसरी, शस्त्रक्रियेपूर्वी पिशवी वापरणाऱ्या एखाद्या व्यक्तीला भेटा. तासभराच्या त्या भेटीने माझी निम्मी भीती गेली. तिसरी, खर्चाची चौकशी आधी करा. २०२४ पासून आयुष्मान भारत योजनेत ७० वर्षे व त्यापुढील सर्वांना उत्पन्नाची अट न ठेवता वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतच्या उपचारांचे संरक्षण आहे. कार्ड वेळ येण्यापूर्वीच काढून ठेवावे. चौथी, अतिदक्षता विभागात आपण बोलू शकलो नाही तर काय करावे आणि काय करू नये, हे लिहून ठेवा. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये अशा इच्छापत्रास मान्यता दिली, आणि २०२३ मध्ये त्याची पद्धत सुलभ केली. आता ते नोटरीसमोर करता येते. मीही ते केले आहे.

मुलामुलींना एकच विनंती. आईवडिलांना खरे सांगा, त्यांच्या शेजारी बसा आणि मग त्यांचे ऐका. त्यांचे उत्तर तुमच्या मनासारखे नसले, तरीही ऐका.

शस्त्रक्रियेला आता तीन वर्षे होत आली. तपासण्या चालू आहेत, पुढचे कोणी सांगू शकत नाही. आज सकाळीही वर्तमानपत्र वाचून झाले आहे.