पहिले पाऊल दुर्गाबाईंचे
(मांडवी, रत्नागिरी येथे वसंत व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कॉरोनेशन सिनेमाटोग्राफमध्ये दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांनी पाहिला. त्यातली तारामती अण्णा साळुंके या तरुणाने केली होती. फाळक्यांना या भूमिकेसाठी स्त्रीच हवी होती. त्यांनी जाहिरात दिली, कलावंतिणींचे उंबरठे झिजवले. पण कॅमेऱ्यापुढे उभे राहणे त्या बायकांनाही कमीपणाचे वाटले. अखेर उपाहारगृहात काम करणारे साळुंके लुगडे नेसले.

यानंतर फाळक्यांनी ‘मोहिनी भस्मासुर’ करायला घेतला आणि त्यात दोन स्त्रिया आल्या. पार्वती झाल्या दुर्गाबाई कामत, तर मोहिनी झाली त्यांची जेमतेम तेरा वर्षांची लेक कमला. पुढे तिलाच महाराष्ट्राने कमलाबाई गोखले म्हणून ओळखले. भारतीय पडद्यावरच्या पहिल्या अभिनेत्री म्हणून या मायलेकींचे नाव घेतले जाते.

दुर्गाबाई पतीपासून विभक्त झालेल्या होत्या आणि पदरात मुलगी होती. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी अशा बाईपुढे वाटा कोणत्या होत्या? माहेरी खालमानेने राहायचे, नाहीतर कुणाच्या घरी राबायचे. दुर्गाबाईंनी फिरत्या नाटक मंडळीची वाट धरली. आज या गावी, उद्या त्या गावी, असा तो संसार. पांढरपेशा समाजाने त्यांना वाळीत टाकल्यासारखेच वागवले. कमलाबाईंना शाळा मिळाली नाही. रंगभूमी हीच त्यांची शाळा झाली. पाठांतर, गाणे, पल्लेदार भाषण, पुरुषपात्रसुद्धा निभावण्याची तयारी हे सारे त्या तिथे शिकल्या. म्हणून मोहिनी फाळक्यांना ‘सापडली’ असे मी म्हणणार नाही. आईने कष्टाने घडवलेली एक कसलेली नटी त्यांना मिळाली.

त्या काळची आपली मुख्य रंगभूमी आठवून पाहा. बालगंधर्व, केशवराव भोसले स्त्रीभूमिकांवर राज्य करत होते. त्यांची थोरवी मी मान्य करतो. पण ज्या रंगमंचावर स्त्रीचे दुःख गायले जात होते, तिथे स्त्रीलाच मज्जाव होता. सावंतवाडीत जन्मलेल्या हिराबाई पेडणेकरांनी लिहिलेले ‘संगीत दामिनी’ ललितकलादर्श या नाटक मंडळीने रंगभूमीवर आणले. या हिराबाईंची अखेरची वर्षे आपल्याच जिल्ह्यात, पालशेतला गेली. कलावंतीण घराण्यातली बाई नाटक लिहू शकत होती, पण तिच्या नाटकातली नायिका पुरुषच होत असे. स्त्रीने स्त्रीची भूमिका करणे प्रतिष्ठित नाटकात रुजले ते १ जुलै १९३३ला, नाट्यमन्वंतर या संस्थेच्या ‘आंधळ्यांची शाळा’ या नाटकापासून. कामत मायलेकी कॅमेऱ्यापुढे उभ्या राहिल्या त्याला तोवर वीस वर्षे होत आली होती.

१९३२ साली प्रभात फिल्म कंपनीच्या ‘अयोध्येचा राजा’ या चित्रपटात तारामती झाल्या दुर्गा खोटे. सुशिक्षित, प्रतिष्ठित घरातली स्त्री पडद्यावर आली म्हणून समाजाला धीर आला. दुर्गाबाई खोट्यांचे धैर्य खरेच होते. पण प्रतिष्ठा घेऊन आलेल्या स्त्रीचे आपण स्वागत केले आणि प्रतिष्ठा गमावून आलेल्या स्त्रीला अर्ध्या ओळीत उरकले, हे मला सलते.

पहिलेपणाची किंमत सगळीकडे सारखी नव्हती. अमेरिकेत एव्हलिन प्रीअर ही कृष्णवर्णीय अभिनेत्री ऑस्कर मिशो या कृष्णवर्णीय दिग्दर्शकाच्या १९१९च्या ‘द होमस्टेडर’मध्ये आणि १९२०च्या ‘विदिन अवर गेट्स’मध्ये चमकली. तिच्या समाजाच्या वाट्याला पडद्यावर मोलकरणींच्या आणि विदूषकांच्या भूमिका येत असताना तिने शिकलेली, स्वाभिमानी स्त्री उभी केली. १९३२ साली, वयाच्या अवघ्या छत्तिसाव्या वर्षी ती गेली. केरळच्या पहिल्या मूकपटाची नायिका पी. के. रोझी दलित होती. तिने पडद्यावर नायर स्त्री रंगवली, हे उच्चवर्णीय प्रेक्षकांना सहन झाले नाही. तिच्यावर हल्ले झाले, तिला प्रांत सोडून पळावे लागले. आपल्या मायलेकींना उपेक्षा सोसावी लागली. रोझीचे तर अस्तित्वच पुसायचा प्रयत्न झाला. एकीच्या गौरवात दुसरीचा विसर पडू नये, म्हणून ही नावे मी एकत्र घेतो आहे.

‘विदिन अवर गेट्स’ हरवला असे समजले जात होते. पुढे त्याची एक प्रत स्पेनमध्ये सापडली, दुरुस्त झाली, आणि आज प्रीअरचा अभिनय पुन्हा पाहता येतो. ‘मोहिनी भस्मासुर’ मात्र नष्ट झाला. कमलाबाईंची मोहिनी आता कुणालाही दिसणार नाही. पण कमलाबाई स्वतः थांबल्या नव्हत्या. नट रघुनाथराव गोखले यांच्याशी त्यांचे लग्न झाले. तरुणपणीच वैधव्य आले, तीन मुलगे सांभाळायचे होते. त्या नाटकांत आणि चित्रपटांत काम करत राहिल्या. मुलगा चंद्रकांत आणि नातू विक्रम यांचा अभिनय आपण सर्वांनी पाहिला आहे. त्या अभिनयाचे मूळ दुर्गाबाईंपाशी आहे. रीना मोहन यांनी कमलाबाईंच्या म्हातारपणी त्यांच्यावर माहितीपट केला, म्हणून त्यांचा आवाज तरी राहिला.

आपल्या गावोगावच्या नमन या लोककलेत गवळणीचे काम पिढ्यान्‌पिढ्या पुरुषांनी केले, दशावतारातल्या राण्याही त्यांनीच रंगवल्या. आता काही मंडळांत मुली उतरू लागल्या आहेत. त्यांच्यातल्या पहिल्या मुली कोण, घरातून काय ऐकावे लागले, पहिल्या रात्री प्रेक्षक कसे वागले, हे कुणी लिहून ठेवले आहे का? दुर्गाबाईंच्या तोंडचा एक शब्दही आपण जपला नाही. तरुण मित्रांनो, हातात फोन आहे तर या बायकांना बोलते करा, ध्वनिमुद्रण करा, गावच्या वाचनालयात जमा करा. पुढच्या पिढीला आपल्या कलेचा इतिहास अर्धा वाचायला मिळू नये, एवढी जबाबदारी आपण उचलू या.