मुलांची कॉपी आणि आपण आया



माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. दहावीच्या बीजगणितातले मला काही कळत नाही. पण मूल अभ्यास करते आहे की वहीआड फोन धरून बसले आहे, हे स्वयंपाकघरातूनही कळते.

फोन मुलांच्या हाती दिला तो आपणच. २०२० साली शाळा बंद पडल्या, धडे फोनवर येऊ लागले, तेव्हा पोटाला चिमटा घेऊन फोन घेतले. शाळा उघडल्या, फोन मात्र हातातच राहिला. आता वर्गात बाईंनी तो काढून घेतला की आपल्यातल्याच काही जणी शाळेत भांडायला जातात. मग त्या बाईंनी कुणाच्या जोरावर बोलावे?

कॉपी काही फोनबरोबर आली नाही. परीक्षांतील गैरप्रकारांविरुद्ध आपल्या राज्यात कायदा झाला तो १९८२ साली. तेव्हा चिठ्ठ्या होत्या, आणि खिडकीतून त्या टाकणारे मामा-काका घरचेच. २०१० साली नांदेडला जिल्हाधिकारी श्रीकर परदेशी यांनी कॉपीमुक्तीची मोहीम काढली, ती राज्यभर गाजली. फोन आल्यावर चिठ्ठीला खिडकीही लागेना. बोर्ड पूर्वी प्रश्नपत्रिका दहा मिनिटे आधी वाटत असे. त्या बाहेर फोनवर फिरू लागल्या, म्हणून २०२३ पासून ते बंद झाले. दहा मिनिटे शेवटी वाढवून मिळाली. पण शांतपणे पेपर वाचून घेण्याची सोय गेली ती सर्वांचीच.

आपले जूचंद्र रांगोळीचे गाव. फोटो पाहून काढलेली रांगोळी हीसुद्धा कॉपीच ना, असे एका मुलीने मला विचारले. मी म्हटले, "अगं, तू तासन् तास ओणवी बसतेस, चिमटीतून रंग सोडतेस, त्यात तुझा हात बसतो. फोनमधले उत्तर उतरवून तुझे काय बसते?" ती हसली. पटले की नाही, देव जाणे.

मंडळापुढे माझे म्हणणे एवढेच. संध्याकाळी सात ते नऊ घरातले सगळे फोन एका डब्यात ठेवावेत, आपलाही, मालिका चालू असली तरी. शाळेने फोन ठेवून घेतला तर आईने किंवा वडिलांनी जावे आणि आधी बाईंचे ऐकून घ्यावे. दहावीच्या पेपराला मुलाला फाटकापर्यंत पोचवावे आणि घरी परतावे. भिंतीपाशी घुटमळू नये. नापास झाला तर पुरवणी परीक्षा आहे.

येत्या सभेत याचा ठराव करायचा का, ते आपण सर्वजणींनी सांगावे.