एक सत्र वर्गात, एक सत्र कामावर



सॉफ्टवेअर लिहिण्याची विद्या विद्यापीठात शिकावी की कंपनीत, असा प्रश्न आपल्या घरातील मुलामुलींना पडत असेल. कॅनडातील वॉटर्लू विद्यापीठाने १९५७ साली, आपल्या स्थापनेबरोबरच, हा मार्ग निवडला :
एक सत्र वर्गात, एक सत्र कामावर.

ही कल्पना केवळ प्राध्यापकांची नव्हती.
एका रबर कंपनीचे अध्यक्ष इरा नीडल्स यांनी, कारखान्यांना कुशल माणसे हवीत या जाणिवेने, आदल्याच वर्षी तिचा जाहीर पुरस्कार केला होता.

आज विद्यार्थी साधारणपणे चार महिने अध्ययन करतो, पुढील चार महिने एखाद्या कंपनीत रीतसर पगारावर रुजू होतो, आणि पुन्हा वर्गात परततो.
पगारावर, हे मला फार मोलाचे वाटते. कारण ज्याच्या श्रमाचे दाम मोजावे लागतात, त्याच्या हाती मालक खरे काम सोपवतो.

विद्यार्थी खरे काम करू शकतात, याचा एक दाखला पाहा : याच विद्यापीठात १९६५ च्या उन्हाळ्यात काही विद्यार्थ्यांनी ‘वॉटफॉर’ हा कंपायलर, म्हणजे प्रोग्रॅमचे यंत्राच्या भाषेत रूपांतर करणारा प्रोग्रॅम, रचला.
त्या काळी प्रोग्रॅम छिद्रे पाडलेल्या कार्डांवर लिहीत, आणि नवशिक्याचे कुठे चुकले, हे यंत्र धडपणे सांगत नसे.
वॉटफॉर मात्र झटपट चाले, आणि चूक स्पष्ट दाखवी.

पुन्हा सांगतो, श्रोतेहो :
एक सत्र वर्गात, एक सत्र कामावर.

कामाच्या सत्राअखेर कंपनी विद्यार्थ्याच्या कामाचे मूल्यमापन लिहून विद्यापीठाकडे धाडते, आणि मग त्याची वर्गातली हजेरी पुन्हा सुरू होते.