विळी आणि गाडी

आज आपण गाडीच्या गंजाबद्दल बोलणार आहोत. हा पुरुषांचा विषय, असं म्हणून रेडिओ बंद करू नका. आम्हीही तसंच म्हणत होतो आणि ते आम्हाला महागात पडलं.

आमचं गाव खाडीकाठी. आम्ही गटातल्या बायकांनी मासळी बाजारात न्यायला कर्ज काढून एक जुनी व्हॅन घेतली. रोज तिला पुसायचो, सणाला हार घालायचो. वरून गाडी चकचकीत! एका पहाटे आमच्यातल्या एक काकू टोपली घेऊन आत चढल्या आणि त्यांचा पाय पत्र्यातून थेट खाली गेला. पोटरी फाटली, टाके पडले. गाडी रस्त्यात असताना हे झालं असतं तर काय, या विचाराने आम्हाला आजही घाम फुटतो.

रबरी मॅट उचलली तर खाली पत्र्याचा नुसता भुगा. मेस्त्री म्हणाले, "ताई, तुम्ही गाडी वरून पुसता, ती कुजतेय खालून." दोन महिन्यांची बचत पत्रा कापून नवा जोडण्यात गेली.

मग त्यांच्याकडूनच आम्ही शिकलो. लोखंडाला पाणी आणि हवा एकदम मिळाली की गंज धरतो. मीठ असलं की तो झपाट्याने वाढतो. आमच्याकडे वाऱ्यातच खार, त्यात मासळीच्या बर्फाचं खारट पाणी मॅटखाली साचलेलं. गंज लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो, म्हणून तो आतून रंग उचलतो. रंगाला फोड दिसला की समजायचं, खाली काम सुरू झालंय.

आधी स्क्रू-ड्रायव्हरच्या टोकाने पत्रा दाबून बघा. टोक आत गेलं, किंवा गंज चासीला, ब्रेकच्या नळीला असला, तर ते घरचं काम नाही. थेट गॅरेज गाठा. वेल्डिंगच्या आधी बॅटरीची वायर काढायला सांगा आणि पेट्रोलची टाकी, नळी कुठे आहे ते विचारा.

वरवरचा गंज मात्र घरी निघतो. कोरडा दिवस निवडा. नाकाला मास्क, डोळ्यांना चष्मा, हातात मोजे. जागा धुऊन पूर्ण वाळवा. सुटा गंज वायर ब्रशने खरवडा. मग 80 नंबरचा पॉलिश पेपर, त्यानंतर 120 आणि शेवटी 220. चकचकीत लोखंड दिसेपर्यंत घासा, आणि कडेचा चांगला रंगही थोडा घासून उतरता करा. खड्ड्यात गंज उरलाच, तर फॉस्फोरिक आम्ल असलेलं गंज काढायचं द्रावण मिळतं. ते डब्यावर लिहिल्याप्रमाणेच वापरा. शेवटी थिनरच्या फडक्याने पुसून त्याच दिवशी रेड ऑक्साईड प्रायमर लावा. उघडं लोखंड रात्रभर ठेवलंत, तर आपल्या दमट हवेत सकाळी पुन्हा तांबूस झालेलं दिसेल. एक जाड हात देण्यापेक्षा दोन पातळ हात द्या. ते वाळले की त्यावर रंग.

आता गंज धरूच नये म्हणून काय करायचं? आम्ही चार नियम केलेत. मासळी उतरवली की आतून आणि खालून, मडगार्डच्या आतसुद्धा, गोड्या पाण्याने धुवायचं. मॅट उचलून उन्हात टाकायची. दाराच्या खालच्या कडेची पाणी जायची भोकं काडीने मोकळी ठेवायची. आणि ओल्या गाडीवर प्लास्टिक घालायचं नाही, आत घाम धरतो. पावसाळ्याआधी खालून गंजरोधक लेप देऊन घेतो, पण गाडी कोरडी करून मगच. ओल्या पत्र्यावर लेप दिला तर पाणी आतच कोंडतं.

खरं तर यातलं नवीन काय आहे? मासळी कापून झाली की विळी आपण धुतो, पुसतो, तेलाचा हात फिरवून ठेवतो. हे आपल्याला आईने शिकवलं. गाडी म्हणजे मोठी विळीच की! पण ती आपली आहे असं आम्हाला वाटायला काकूंच्या पायाला टाके पडावे लागले.

काकू आता बऱ्या आहेत. दर रविवारी मॅट उचलून बघायचं काम त्यांनी स्वतःहून घेतलंय, आणि त्यांच्या नजरेतून ठिपकाही सुटत नाही. तुमच्या घरी चारचाकी असो, रिक्षा असो की स्कूटी, आज एकदा खाली वाकून बघा.